रेवाकाठचे गाणे आणि ‘इंडियन ओशन’

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबाद वसाहतीत संध्याकाळचे दिवे लागले की निरनिराळ्या घरांतून निरनिराळे सूर ऐकू येऊ लागतात. एका घरात आरती चाललेली असते, दुसऱ्या घरातून दूरदर्शन संचावरील बातम्यांचा आवाज येतो, आणि एखाद्या गच्चीवर जमलेल्या महाविद्यालयीन मुलांच्या मोबाइलवर चित्रपटगीत चालू असते. ‘मसान’ या २०१५ सालच्या चित्रपटातील ‘तू किसी रेल सी’ हे गाणे अशा मुलांच्या आवडीचे आहे. त्याचा मुखडा दुष्यंतकुमारांच्या एका प्रसिद्ध शेरावर उभा आहे. आगगाडी जाते आणि तिच्याखालचा पूल थरथरतो, एवढीच त्या शेरातील कल्पना. दुष्यंतकुमार काही काळ आकाशवाणीच्या भोपाळ केंद्रावर नोकरीस होते. ‘साये में धूप’ हा त्यांचा गझलसंग्रह १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर रोजी, भोपाळातच त्यांचे निधन झाले. पुढे चाळीस वर्षांनी त्या शेराभोवती वरुण ग्रोव्हर यांनी गीत रचले आणि इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या स्वानंद किरकिरे यांनी ते गायिले. असे हे गाणे भोपाळकरांच्या अगदी घरचे आहे. परंतु त्याला चाल कोणी दिली, असे विचारले तर गच्चीवरची मुलेही क्षणभर थबकतात.

चाल दिली ती दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडने. बँड हा शब्द ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतील लाल डगले आणि पितळी तुताऱ्या उभ्या राहतील, त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की येथे बँड म्हणजे चारपाच वादक-गायकांचे एक छोटेसे मंडळ. ते स्वतःची गाणी स्वतः बसवते, स्वतः वाजवते, आणि त्यात संगीत-दिग्दर्शक नावाचा वेगळा मनुष्य नसतो. ‘इंडियन ओशन’ची स्थापना १९९० मध्ये झाली आणि मंडळ आजही गाते आहे. मधल्या काळात त्याने एक मोठा गायक मृत्यूने गमावला, संस्थापक वादक निघून गेला, तरी त्याच्या गाण्याची ओळख बुजली नाही. ती का बुजली नाही, हे समजून घ्यायचे तर त्या गाण्याचा नाद कशाचा बनला आहे ते आधी पाहावे लागेल.

या मंडळाच्या संगीताला सामान्यतः ‘फ्यूजन’ म्हणतात. हा शब्द सोयीचा असला तरी फारसे काही सांगत नाही. तबला आणि गिटार एका मंचावर बसले की झाले फ्यूजन, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली. त्यापेक्षा पाश्चात्त्य रॉक संगीतातील जी शाखा ‘सायकेडेलिक’ या नावाने ओळखली जाते, तिच्याशी या मंडळाच्या नादाचे नाते ताडून पाहणे अधिक उद्‌बोधक ठरते. सायकेडेलिक हा शब्द मूळचा संगीतातला नव्हे. हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ च्या सुमारास तो ग्रीक शब्दांवरून घडविला. मन प्रकट करणारे, असा त्याचा अर्थ. ऑस्मंडला तो काही विशिष्ट औषधी द्रव्यांसाठी हवा होता. पुढे तीच द्रव्ये नशेसाठी घेणाऱ्या तरुणांचा एक वर्ग अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये निर्माण झाला, आणि त्यांच्या भोवतीच्या संगीतालाही ते नाव चिकटले. त्या व्यसनाने अनेक गुणी वादकांची माती केली, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. तथापि संगीताचा विचार करताना नशा बाजूला ठेवता येते. कारण त्या संगीताची मोहिनी ज्या युक्तीत आहे ती पूर्णपणे शुद्धीवर असलेल्या माणसालाही समजते.

ती युक्ती अशी. पाश्चात्त्य गाणे एका स्वरसमूहाकडून, म्हणजे कॉर्डकडून, दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे सतत चालत राहते. ऐकणाऱ्याला आपण कोठून निघालो आणि घरी केव्हा परतणार याची जाणीव त्या चालीतून मिळत असते. १९६६ मध्ये बीटल्सनी ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीवरील अखेरच्या गाण्यात ही चालच जवळजवळ थांबविली. तंबोऱ्याचा अखंड नाद खाली ठेवला, त्याच एका कॉर्डवर सारे गाणे तोलले, ढोलाचा एकच ठेका अथकपणे फिरवत ठेवला, आणि वरून उलट्यासुलट्या फिरविलेल्या ध्वनिफितींचे आवाज सोडले. पाश्चात्त्य श्रोत्याला वेळ थांबल्यासारखी वाटली. त्याच वर्षी जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी हिंदुस्थानात आला होता.

यात एक मौज आहे. लंडनच्या श्रोत्याला जे अद्भुत वाटले ते आपल्याकडे दररोजचे आहे. तंबोरा जुळवून गवई षड्‌ज-पंचमाच्या नादात बसला की तासभर त्या आधारस्वरावरून हलत नाही. एकतारीवर भजन म्हणणारा तर एकाच तारेवर रात्र काढतो. आपल्या कानांना यात वेळ थांबल्याचा भास होत नाही. उलट ती वेळ आता कोठे सुरू झाली असे वाटते. म्हणजे जो आधारस्वर तेथे चमत्कार म्हणून गेला, तो येथे घरातल्या समईसारखा जागच्या जागी तेवत होता.

पश्चिमेतील ही लाट १९७० च्या आसपास ओसरली आणि मग दहाएक वर्षांनी नव्याने आली. लिव्हरपूलमध्ये, लॉस एंजेलिसमध्ये तरुण मंडळे जुन्या तबकड्या ऐकून तसा नाद पुन्हा घडवू लागली. तिला नव-सायकेडेलिक असे नाव पडले. त्यांपैकी इंग्लंडमधील रग्बी या गावी १९८२ मध्ये निघालेल्या ‘स्पेसमेन थ्री’ या मंडळाने तर एकदोन कॉर्डवर दहा-दहा मिनिटे थांबून राहणे हेच आपले तत्त्व केले. नेमक्या याच दशकात दिल्लीत दोन तरुण, पाश्चात्त्य संगीताची ही घडामोड न अनुसरता, वेगळ्या वाटेने जवळपास त्याच ठिकाणी येऊन पोहोचत होते.

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांची भेट १९८४ मध्ये झाली. सेन गिटार वाजवीत; पण त्यांची गिटार कॉर्डचे ठोके देण्यापेक्षा तारांवर एकेक स्वर सोडत जाणारी होती. मोकळ्या तारा मागे घुमत राहाव्यात आणि पुढे रागाच्या अंगाने एखादी लहानशी स्वराकृती पुनःपुन्हा, दर वेळी थोडी बदलून, यावी, असा तिचा बाज होता. सतार ऐकून वाढलेला कान आणि हातात गिटार, असे काहीसे. असीम चक्रवर्तींचा प्रकार त्याहून आगळा. ते तबला वाजवता वाजवता गात. ज्यांनी तबल्याचा थोडाफार अभ्यास केला आहे त्यांना हे किती कठीण आहे ते ठाऊक असते. दोन्ही हात मात्रा मोजत असताना गळा त्या मात्रांच्या पलीकडे मोकळा सोडायचा, हे दोन माणसांचे काम आहे. आवाज रुंद, थोडा खरबरीत, वरच्या सप्तकात जाताना ताणला जाणारा. शास्त्रीय मैफलीत तो कदाचित खपला नसता, आणि चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहातही नाही.

१९९० मध्ये बँड उभा राहिला. १९९१ मध्ये राहुल राम हे बास गिटार घेऊन आले, आणि १९९४ मध्ये अमित किलम ड्रमवर बसले. ड्रमखेरीज गुबगुबी हे बाउल गायकांचे तंतुवाद्यही किलम वाजवीत. एका तारेचे, काखेत धरून छेडायचे ते वाद्य रॉकच्या ढोलांजवळ ठेवलेले पाहून प्रथम हसू येते, पण ऐकताना येत नाही. या चौघांच्या मांडणीत आधारस्वराचे काम कोणा एका वाद्याकडे नाही. कधी गिटारच्या मोकळ्या तारा, कधी बासचा एकच सूर, कधी मागून लांबविलेला मनुष्याचा आवाज ते करतो. त्यामुळे तंबोरा मंचावर नसूनही तंबोरा असल्याचा भास होतो. पाश्चात्त्य सायकेडेलिक वादकांनी यंत्रांच्या करामतीने जे साधले, प्रतिध्वनी, फिती, विजेवरचे गुंजन, त्यांपैकी फारच थोडे येथे वापरलेले आहे.

पहिली कॅसेट १९९३ मध्ये एचएमव्हीने काढली. तीनंतर बराच काळ काही घडले नाही. त्या काळी मोठ्या शहरांतील रॉकच्या श्रोत्याला इंग्रजी गाणे हवे असे, आणि तेही शक्यतो परदेशी बँडचे, हुबेहूब नकल केलेले. स्वतःची गाणी, शब्द थोडे आणि वादन फार, शब्द असले तर ते हिंदीत किंवा खेड्यातल्या बोलीत, अशा मंडळाला बोलावणार कोण? पुढे दिल्लीला ‘सहमत’ या संस्थेच्या कार्यक्रमात जे वादन झाले तेच मुद्रित करून ‘डेझर्ट रेन’ या नावाने प्रसिद्ध करण्यात आले. मंचावरील एका संध्याकाळचे ते ध्वनिमुद्रण. त्यानंतर मार्च २००० मध्ये टाइम्स म्युझिकने ‘कंदीसा’ काढली, आणि तिने या मंडळाला घरोघर नेले.

‘कंदीसा’ची सुरुवात ज्या गाण्याने होते ते ‘माँ रेवा’. भोपाळच्या श्रोत्याने जरा थांबावे ते येथे.

राहुल राम यांचे शिक्षण रसायनशास्त्रातले. कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि पर्यावरणातील विषद्रव्यांवर त्यांनी डॉक्टरेट मिळविली. परतल्यावर प्रयोगशाळेत न जाता ते १९९० ते १९९५ पर्यंत नर्मदा बचाओ आंदोलनात राहिले. सरदार सरोवराचे पाणी ज्या गावांत चढणार होते त्या गावांत त्यांचे हे दिवस गेले. त्या गावांतील तेहतीस महाराष्ट्रातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेलीचे नाव त्यामुळे सर्वांच्या कानी पडले. परंतु बुडणारी बहुतेक गावे मध्य प्रदेशची होती, आणि त्यांच्या कागदपत्रांचा निकाल ज्या कार्यालयांत लागायचा ती भोपाळात होती आणि आहेत. आंदोलनाचे लोक मोर्चे घेऊन, शिदोऱ्या बांधून, याच शहरात येत राहिले. या सगळ्या धामधुमीत गाणी पुष्कळ गायिली जात. पदयात्रेत चालताना, धरणे धरून बसलेले असताना, रात्री शेकोटीजवळ. नर्मदाकाठच्या लोकांनी नदीला आई म्हणून आळविलेले गाणे राहुल राम यांनी अशाच ठिकाणी उचलले आणि दिल्लीला आणले.

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १,३१२ किलोमीटर वाहून भडोचजवळ समुद्राला मिळते. महाराष्ट्राच्या वाट्याला तिचा आलेला काठ अगदीच थोडा. तिचे दुसरे नाव रेवा, उड्या मारीत जाणारी. ‘माँ रेवा’मध्ये ही उडी गिटारला दिलेली आहे. आरंभीच सेन यांची बोटे एक लहान खळाळती आकृती धरतात, ती तबला उचलतो, मग ड्रम, आणि गायक येईतो ऐकणारा पाण्यात घोट्यापर्यंत उभा असतो. गाण्याची मूळ चाल साधी, चारपाच स्वरांत फिरणारी. तिला सजवून दरबारी करण्याचा मोह मंडळाने आवरला, ही त्यांच्या रसिकतेची खूण म्हटली पाहिजे. त्यांनी चालीला हात न लावता तिच्याखालची जमीन फक्त रुंद केली. पदयात्रेत दहा माणसे जशी एकच ओळ आलटून पालटून म्हणत चालतात, तसा पुनरावृत्तीचा धर्म त्यांनी तसाच ठेवला. आणि पाश्चात्त्य समीक्षक ज्याला सायकेडेलिक गुंगी म्हणतील ती त्या पुनरावृत्तीतूनच आपोआप आली. गुंगी हा शब्दही खरे तर अपुरा. चालणाऱ्याला जो दम पुरतो, तो तो आहे.

कॅसेट आली मार्चमध्ये. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाचे काम पुढे चालू ठेवण्यास परवानगी दिली. २००४ च्या उन्हाळ्यात नर्मदेवरच्याच इंदिरा सागर धरणासाठी खंडवा जिल्ह्यातील हरसूद हे गाव रिकामे करण्यात आले. लोकांनी आपल्या घरांच्या भिंती आपल्याच हातांनी पाडून विटा आणि तुळया नेल्या. हेच ते हरसूद, जेथे १९८९ च्या सप्टेंबरात देशभरातून हजारो लोक विध्वंसक विकासाविरुद्ध शपथ घेण्यास जमले होते. सरदार सरोवराचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले. खोऱ्यातील पुष्कळ घाट आणि मंदिरे आता पाण्याखाली आहेत आणि त्या घाटांवरचे गाणे महानगरांतील नाट्यगृहांत, परदेशांतील महोत्सवांत गायिले जाते. श्रोते टाळ्यांनी ठेका धरतात.

यात काही खटकण्यासारखे आहे काय? काहींना खटकते. ज्यांचे गाणे त्यांना घर नाही आणि ज्यांनी ते ऐकले त्यांना गावाचे नावही ठाऊक नाही, असा आक्षेप घेता येतो, आणि तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही. परंतु एक फरक लक्षात घेतला पाहिजे. लोकगीत उचलून त्यावर स्वतःचे नाव घालणारे संगीतकार हिंदी चित्रसृष्टीत शेकड्यांनी झाले. येथे गाणे आणणारा मनुष्य त्या लोकांबरोबर पाच वर्षे राहिलेला होता, आणि मंचावरून गाणे सुरू करण्यापूर्वी ते कोठले याचा उल्लेख करण्याचा त्याचा परिपाठ आहे. ‘चीतू’ हे याच खोऱ्यातील आदिवासींचे दुसरे गाणेही मंडळाने पुढे बसविले. अलीराजपूर संस्थानात १८८३ साली उठाव करणाऱ्या छीतू किराडचे नाव शाळेच्या इतिहासात कोठे सापडत नाही. ते सापडते ते अशा गाण्यात. भोपाळच्या श्रोत्याच्या बाबतीत तर अंतराची सबबही चालत नाही. शहराला पाणी पुरविणारी कोलार नदी पुढे नर्मदेलाच मिळते, आणि आता खुद्द नर्मदेचे पाणीही नळाने भोपाळात आणलेले आहे.

ज्या गाण्यावरून कॅसेटला नाव मिळाले ते ‘कंदीसा’ अगदी दुसऱ्या टोकाचे. केरळातील सुरियानी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेतील ते प्राचीन स्तोत्र, भाषा अरामी कुळातील. येशू ख्रिस्त घरात आणि बाजारात जी भाषा बोलत होता तिच्या वंशातली. कंदीसा म्हणजे पवित्र. परमेश्वराच्या पावित्र्याचा तीनदा उच्चार करून त्याच्या दयेची याचना करायची, एवढाच त्या स्तोत्राचा आशय. ऐकणाऱ्या लक्षावधींपैकी फार थोड्यांना एक तरी शब्द समजत असेल, आणि तरीही मंडळाचे सर्वांत लोकप्रिय गाणे हेच. सात-आठ मिनिटांच्या या गाण्यात दोघेतिघे मिळून एकाच संथ चालीत गातात; आवाज एकमेकांवर पडतात, सुटे होतात, परत मिळतात. ज्यांनी जुन्या दगडी चर्चमध्ये समूहगायन ऐकले आहे त्यांना तो घुमारा ओळखीचा वाटेल, आणि ज्यांनी पंढरीच्या वाटेवर दिंडी ऐकली आहे त्यांनाही.

परक्या भाषेतील भक्ती देशी चालीत बसविण्याचे धाडस मराठीला नवे नाही. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत. त्याने गोष्ट बाहेरची घेतली आणि छंद येथला ठेवला. ‘इंडियन ओशन’ने शब्द जसेच्या तसे ठेवले आणि त्यांच्याखाली वाद्ये मात्र नवी आणून बसविली. दोन्ही ठिकाणी काही लोकांनी भुवया चढविल्या असतील. स्तोत्र हे देवळात शोभते, विजेच्या गिटारीबरोबर नव्हे, असे मानणारे सश्रद्ध लोक असतात, आणि त्यांची भावना चुकीची म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. पण या गाण्यात थट्टा नाही, भपका नाही, आणि घाईही नाही. एवढे असल्यावर उपासनेला आणखी काय लागते, हा प्रश्न उरतोच.

२००३ मध्ये ‘झीनी’ आली. तिचे शीर्षकगीत कबीराच्या पदावरचे. येथे माळव्यातील मराठी माणसाला कुमार गंधर्वांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले कुमार हवापालटासाठी देवासला आले. गाण्याची बंदी होती, म्हणून अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकत राहिले: दारावरून जाणारे नाथपंथी जोगी, बायकांची गाणी, बाजारातल्या हाका. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या गाण्यात माळव्याची लोकधून आणि निर्गुण भजन यांचे पाणी मुरलेले होते. कुमारांची प्रतिभा आणि साधना वेगळ्या कोटीची. त्यांच्याशी या मंडळाची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. साम्य आहे ते रीतीत. दोन्ही ठिकाणी आधी दीर्घकाळ ऐकणे झाले, मग गाणे. दोन्ही ठिकाणी लोकगीतातील पुनरावृत्ती ही उणीव न मानता तिच्यातच स्वरांची जागा शोधली गेली. फरक इतकाच, की कुमारांच्या निर्गुणात एकटा मनुष्य शून्यापुढे उभा असतो, आणि येथे चौघे मिळून चाललेले असतात.

अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला या मंडळाने संगीत दिले. मुंबईतील १९९३ च्या बाँबस्फोटांवरचा हा चित्रपट खटल्याचा निकाल लागेपर्यंत न्यायालयाने रोखून धरला आणि तो २००७ मध्ये प्रदर्शित झाला. गाणी मात्र आधीच लोकांत पसरली होती. त्यांतील ‘बंदे’ हे गीत ग्वाल्हेरच्या पीयूष मिश्रांचे. असीम चक्रवर्तींचा तो ताणलेला, खरबरीत आवाज जळून गेलेल्या शहराला इतका जुळला की चित्रपट न पाहिलेल्यांनाही तो पाठ झाला.

२००९ च्या अखेरीस चक्रवर्तींना हृदयविकाराचा झटका आला. ते त्यातून उठले नाहीत. २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. दिल्लीच्या करोल बाग भागातील एका जुन्या बंगल्यात मंडळाचा सराव चाले. त्या घराचा पत्ता हेच पुढच्या संग्रहाचे नाव झाले, ‘१६/३३० खजूर रोड’. त्यातील गाणी चक्रवर्ती हयात असतानाच मुद्रित झालेली होती. २०१० मध्ये मंडळाने ती कोणत्याही कंपनीस न विकता दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवरून विनामूल्य दिली. कंपन्यांच्या व्यवहाराला कंटाळून घेतलेला हा निर्णय होता. परंतु ऐकणाऱ्यांना तो निराळा वाटला. जो मनुष्य आता नाही त्याचा आवाज महिन्या-महिन्याने, पत्र यावे तसा येत राहिला. त्याच वर्षी जयदीप वर्मा यांनी मंडळावर काढलेला ‘लीव्हिंग होम’ हा माहितीपट चित्रपटगृहांत लागला. त्यात चौघे एकत्र दिसतात.

चक्रवर्तींच्या जागी दोन माणसे घ्यावी लागली. गाण्यास हिमांशु जोशी आणि तबल्यास तुहीन चक्रवर्ती. तबला वाजवता वाजवता गाणारा दुसरा मिळाला नाही, किंबहुना कोणी शोधलाही नसावा. २०१३ मध्ये सुस्मित सेनही मंडळ सोडून गेले आणि त्यांच्या जागी निखिल राव आले. पहिल्या दोघांपैकी आता कोणीच उरले नाही. अशा वेळी बहुतेक मंडळे जुन्या गाण्यांच्या पुण्याईवर दिवस काढतात. या मंडळाने २०१४ मध्ये ‘तांडानू’ हा संग्रह केला, त्यात शुभा मुद्‌गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन अशा पाहुण्यांना बोलावले. नंतर ‘मसान’ केला. २०२३ मध्ये ‘तू है’ आणला. निखिल राव यांची गिटार अधिक विजेची आहे. तिचे स्वर लांबतात, धुरासारखे पसरतात, आणि त्यामुळे गंमत अशी झाली आहे की पाश्चात्त्य अर्थाने सायकेडेलिक म्हणावे असा रंग या मंडळाच्या गाण्यात उतारवयात येऊ लागला आहे. सेन यांच्या लाकडी, टोकदार, प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येणाऱ्या वादनाची ज्यांना सवय आहे त्यांना हा बदल एकदम पचत नाही. हिमांशु जोशींचा आवाज अधिक गोल आणि तयारीचा. चक्रवर्तींच्या आवाजातली ती दुखरी कड त्यात नाही, आणि ती आणण्याचा खोटा प्रयत्न ते करीत नाहीत.

श्रोत्यांनी एक करून पाहावे. ‘माँ रेवा’ची २००० सालची मुद्रिका प्रथम ऐकावी, आणि मग अलीकडच्या एखाद्या कार्यक्रमातील तेच गाणे. गायक वेगळा, गिटार वेगळी, तबल्यावरचे हात वेगळे. गाण्याच्या मध्यावर वादन थोडे विरळ होते आणि ओळ परत फिरून येते. दोन्हींमध्ये त्या ठिकाणी कान दिला असता खाली बास गिटारचा सूर ऐकू येईल. तो वाजविणारा मनुष्य दोन्ही वेळा एकच आहे. नर्मदेच्या काठावरून ते गाणे घेऊन आलेला.